कोमल म्हणजे काळी पट्टी नव्हे

स्वर, श्रुती, सप्तक, थाट, राग, वादी, संवादी, आरोह, अवरोह, पकड, लय, मात्रा, सम, खाली. गाणं शिकायला आलेल्या माणसाच्या वहीत पहिल्या वर्षभरात हे शब्द हमखास उतरतात, आणि प्रत्येकापुढे एकेका ओळीची व्याख्या असते. व्याख्या पाठ होतात, तोंडी परीक्षेत न अडखळता म्हटल्या जातात, गुण मिळतात. तोच विद्यार्थी, तानपुरा चालू असताना पेटीवर शुद्ध गंधार आणि कोमल गंधार पाठोपाठ वाजवले, तर कुठला कुठला ते सांगताना चाचपडतो. तीनताल चालू असला तर बोटांवर मोजल्याशिवाय त्याला सम सापडत नाही. शिकवण्याच्या कामात ही गोष्ट इतकी रोजची आहे की तिच्याकडे कोणी थांबून पाहत नाही. ते पाहावं असं मला वाटतं. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: संगीतातला पारिभाषिक शब्द कानानं एखादी गोष्ट पकडली की लगेच, तिच्या पाठोपाठ द्यायला हवा. त्याआधी दिला तर तो रिकामा राहत नाही, भलत्याच अर्थानं भरतो. फार उशिरा दिला किंवा दिलाच नाही, तर कानानं पकडलेलं निसटून जातं. शास्त्र हवं की नको यावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाले. शब्द केव्हा यावा याचा विचार मात्र फारसा होत नाही, आणि शिकवणाऱ्याच्या हातात खरं तर तेवढंच असतं.

सगळ्यांत ठळक उदाहरण पेटीचं. शिकवणी बहुतेक ठिकाणी पांढरी एकमध्ये सुरू होते, कारण तिथे सा पासून नी पर्यंत सातही शुद्ध स्वर ओळीनं पांढऱ्या पट्ट्यांवर येतात आणि बोटांना सोपं जातं. मग वहीत लिहून दिलं जातं की शुद्ध स्वर आपल्या जागेवरून खाली उतरला की कोमल होतो आणि वर चढला की तीव्र. विद्यार्थी ते लिहून घेतो, पण त्याच्या डोळ्यांसमोर असतं ते एवढंच: कोमल रे, ग, ध, नी आणि तीव्र म, असे पाचही विकृत स्वर नेमके काळ्या पट्ट्यांवर आहेत. ऐकण्यापेक्षा पाहणं सोपं, त्यामुळे मनात समीकरण बसतं की काळी पट्टी म्हणजे विकृत स्वर. पांढरी एकमध्ये हे समीकरण एकदाही चुकत नाही, म्हणून ते चूक आहे हे महिनोन्महिने कळत नाही. मग गळ्याला मानवते म्हणून पट्टी बदलून काळी एक घ्यायची वेळ येते. आता सा स्वतःच काळ्या पट्टीवर जातो. रे काळी दोन, म काळी तीन, प काळी चार, ध काळी पाच. पांढऱ्यांवर उरतात ते फक्त ग आणि नी. आणि कोमल रे पांढरी दोन, कोमल ग पांढरी तीन, तीव्र म पांढरी पाच, कोमल ध पांढरी सहा, कोमल नी पांढरी सात. पाचच्या पाच विकृत स्वर पांढऱ्यांवर! ज्यानं कोमल हा शब्द डोळ्यांनी शिकून घेतला, त्याच्या पायाखालची जमीन इथे सरकते. ज्याला आधी सा रे ग रे सा दोन तऱ्हांनी म्हणून दाखवलं, त्यातला एक ग किंचित उतरलेला आहे हे ज्यानं स्वतःच्या गळ्यात करून पाहिलं, आणि मग ज्याला सांगितलं की या उतरलेल्या गंधाराला कोमल म्हणतात, त्याला पट्टीचा रंग बदलल्यानं फार फरक पडत नाही. तो पेटीवर तोच उतार शोधतो आणि त्याला तो सापडतो.

मराठी माणसाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि ती शब्दांच्या ओळखीमुळेच उभी राहते. शुद्ध, विकृत, कोमल, तीव्र, वादी, खाली, थाट, पकड हे सगळे आपले रोजच्या वापरातले शब्द. त्यामुळे ते कानावर पडताच आपापला घरचा अर्थ घेऊन येतात. कोमल म्हटलं की विद्यार्थी तो स्वर हळुवार, दबक्या आवाजात म्हणतो. तीव्र मध्यम आला की आवाज चढवतो. कोमल-तीव्र हा भेद स्वराच्या उंचीचा आहे, जोराचा नाही, हे त्याला व्याख्येनं सांगितलेलं असतं, पण व्याख्येपेक्षा मातृभाषा खोल असते. विकृत म्हटलं की काहीतरी बिघडलेलं, वाईट असं वाटतं; इथे तो शब्द मूळ जागेवरून हललेला एवढंच सांगतो, आणि भैरवीसारख्या रागाचं सगळं रूप या विकृत स्वरांवर उभं आहे. वादी म्हटलं की कोर्ट आठवतं. त्यावर उपाय म्हणून वादी हा रागाचा राजा, संवादी हा प्रधान आणि विवादी हा शत्रू अशी उपमा दिली जाते, आणि विद्यार्थी शेवटी ती उपमाच पाठ करतो. हीच ओळख वेळेवर वापरली तर उपयोगीही पडते. थाटणं हे क्रियापद आपण दुकानासाठी वापरतो, संसारासाठी वापरतो: मांडामांड करून ठेवणं. सतारीचे पडदे सरकवून सात स्वरांची एक मांडणी करून ठेवली, तो थाट. मांडणी डोळ्यांसमोर झाल्यावर हा शब्द सांगितला तर मराठी मुलाला व्याख्या लिहून द्यावीच लागत नाही. तोच शब्द आधी आला तर त्याला लग्नातला थाटमाट दिसतो. शब्द तोच असतो. त्याचं भलं की बुरं होणार हे तो कधी आला त्यावर ठरतं.

तालातल्या खालीचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. मराठीत खाली म्हणजे वरच्या उलट बाजूला. तालातली खाली मात्र हिंदीच्या वाटेनं आलेली आहे आणि तिचा अर्थ रिकामी. आपल्याकडे तिला काल असाही शब्द आहे. तीनतालाच्या सोळा मात्रांत 1, 5 आणि 13 या मात्रांवर टाळी आणि 9 वर खाली, हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं जातं. रिकामं काय असतं हे मात्र तबल्यावर ऐकल्याशिवाय कळत नाही. ठेका असा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. धा आणि धिं यांत डग्ग्याची घुमार असते. तिं आणि ता यांत ती नसते. म्हणजे ठेका भरलेला चालतो, मग एका ठिकाणी तळाचा आवाज निघून जातो, आणि सम जवळ आली की परत येतो. विद्यार्थ्याला हाताशी वही नसताना, डोळे मिटून, डग्गा कुठे गेला आणि कुठे परत आला एवढंच ऐकायला सांगावं. तो आपोआप समेची वाट पाहायला लागतो, कारण घुमार परतली की सम आता आली हे शरीराला कळतं. त्यानंतर खाली हा शब्द दिला तर तो एका अनुभवाचं नाव होतो. आणि मगच एक बारकाईही दाखवता येते: प्रचलित ठेक्यात हाताची खाली नवव्या मात्रेवर आहे, पण त्या मात्रेला बोल धा आहे, म्हणजे डग्गा अजून वाजतोच आहे. तो थांबतो दहाव्या मात्रेला आणि परततो चौदाव्या मात्रेला, जेव्हा हाताची टाळी तेराव्याला देऊन झालेली असते. हात आणि आवाज एका मात्रेनं मागेपुढे आहेत. व्याख्या पाठ केलेल्याला यात चूक दिसते. ऐकून आलेल्याला यात तालाची एक गमतीची ओढ दिसते: विभाग हात सांगतो, रंग तबला सांगतो, आणि दोन्ही अगदी एका रेषेत येत नाहीत म्हणूनच ठेका कोरडा वाटत नाही.

पुढे रूपक ताल येतो, आणि व्याख्येवर विसंबलेल्याची तिथे दुसऱ्यांदा अडचण होते. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा आणि तिच्यावर पहिली टाळी, असं त्यानं लिहून घेतलेलं असतं. रूपकात सात मात्रा: तीं तीं ना, धी ना, धी ना. पहिल्या मात्रेवर टाळी नाहीच, तिथे खाली आहे. समेवरच खाली! मग सम म्हणजे नेमकं काय? हा प्रश्न ज्याला पडतो तो खरा शिकतो, पण तो पडायला समेचा काहीतरी अनुभव आधी हवा. सम म्हणजे जिथे आवर्तन मिटतं आणि त्याच क्षणी नवं सुरू होतं, जिथे बंदिशीचा मुखडा येऊन टेकतो, जिथे ऐकणाऱ्याची मान नकळत हलते ती जागा. टाळी, खाली, डग्ग्याचा भर या तिच्या खुणा आहेत आणि त्या तालागणिक बदलतात. आपल्या बोलण्यात समेवर येणं हा वाक्प्रचार सहज येतो आणि तिथे कोणी टाळ्या मोजत नाही. लोकांना समेचा अर्थ ठाऊक आहे; तो वर्गात हरवतो, कारण तिथे खुणेलाच वस्तू म्हणून शिकवलं जातं.

रागांच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट होतं. भूपाळी आणि देसकार हे दोन राग घ्या. दोन्हींत स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. दोन्हींत मध्यम आणि निषाद वर्ज्य. वहीतली माहिती अशी की भूपाळी कल्याण थाटाचा, वादी गंधार, संवादी धैवत, वेळ रात्रीचा पहिला प्रहर; देसकार बिलावल थाटाचा, वादी धैवत, संवादी गंधार, वेळ सकाळची. आता थाटावरून या दोघांतला फरक शोधायला जावं तर हाती काही लागत नाही, कारण कल्याण आणि बिलावल यांत फरक आहे तो एकट्या मध्यमाचा, आणि मध्यम दोन्ही रागांत नाहीच. मग फरक कुठे आहे? भूपाळी गंधारावर येऊन विसावतो, सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात रमतो. देसकार धैवतावर उभा राहतो, तार षड्जाकडे पाहत वरच्या अर्ध्यात वावरतो. पाच-सात मिनिटं दोन्ही आलटून पालटून ऐकले तर शास्त्राचा गंध नसलेल्या माणसालाही कळतं की घर तेच आहे, पण राहणारी माणसं वेगळी आहेत. त्या क्षणी वादी हा शब्द दिला तर तो कायमचा राहतो. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचंही तसंच: तिन्हींत कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम, तिन्हींत पंचम वर्ज्य, स्वर तेच, पण चाल, वजन आणि वस्तीची जागा वेगळी. स्वरांची यादी म्हणजे राग नव्हे, हे वाक्य शंभरदा लिहून जे साधत नाही ते या तीन रागांच्या एका बैठकीत साधतं.

इथे पहिला आक्षेप येतो. या शब्दांना इतके अपवाद आहेत तर ते शिकवायचेच कशाला? आक्षेप वाजवी आहे, कारण अपवाद खरेच आहेत. संवादी हा वादीपासून चौथा किंवा पाचवा स्वर असतो आणि दोघांत षड्ज-मध्यम किंवा षड्ज-पंचम भाव असतो, असं सांगितलं जातं. मारव्यात कोमल रिषभ आणि धैवत ही जोडी वादी-संवादी म्हणून मानली जाते, पण त्यांच्यातलं अंतर खऱ्या पंचम भावाचं नाही. दहा थाटांत सगळे राग बसवायचे म्हटलं तर अहिर भैरव अडतो: त्याचा कोमल निषाद आणि शुद्ध धैवत भैरव थाटात नाहीत, तरी भैरवाचं अंग म्हणून तो तिथे ठेवला जातो. शब्दांचे अर्थही काळाबरोबर सरकलेले आहेत. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानं शार्ङ्गदेवानं ‘संगीत रत्नाकर’ लिहिला. त्यातले शुद्ध स्वर आजच्या काफीच्या जवळचे मानले जातात, आणि आपण आज शुद्ध म्हणतो ते बिलावलचे. म्हणजे ज्या दख्खनच्या मातीत हा ग्रंथ लिहिला गेला, तिथेही शुद्ध या शब्दाचा अर्थ बदलला. हे सगळं मान्य करून माझं उत्तर असं की अपवाद अडतात ते व्याख्या आधी आली तरच. व्याख्या आधी आली की ती कायदा होते आणि अपवाद गुन्हा ठरतो. अनुभव आधी आला की शब्द त्या अनुभवाकडे दाखवणारं बोट असतं, आणि बोट थोडं इकडेतिकडे असलं म्हणून दाखवलेली वस्तू हरवत नाही. मारवा ऐकलेल्या माणसाला रिषभ आणि धैवत या दोन स्वरांवर राग तोललेला आहे हे कळलेलं असतं; त्यांच्यात भाव कुठला हे तपासायला तो नंतर मोकळा असतो.

हाच क्रम या परिभाषेच्या इतिहासातही दिसतो. आज आपण वापरतो ती दहा थाटांची मांडणी विष्णु नारायण भातखंडे यांची (1860 ते 1936). मुंबईत वकिली करणाऱ्या या माणसानं आधी ऐकलं, शिकलं, प्रवास केला, घराण्याघराण्यांतून बंदिशी गोळा केल्या, जुने ग्रंथ प्रत्यक्ष गायनाशी ताडून पाहिले, आणि मग वर्गीकरण मांडलं. दहा थाट हा त्यांच्या कामाचा शेवट होता. आपण तो आरंभ म्हणून शिकवतो: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी ही नावं त्यांतला एकही राग न ऐकलेल्या मुलाकडून पाठ करून घेतो. त्यांनी मराठीत लिहिलेली ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ गुरू आणि शिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. संवादात शंका आधी येते आणि शब्द तिच्या उत्तरात येतो. त्या ग्रंथाच्या चार भागांतून प्रश्न गळाले आणि व्याख्या उरल्या, की मार्गदर्शिका तयार होते. दोष भातखंड्यांच्या पद्धतीचा नाही; ती जशी आली तशी आपण पुढे दिली नाही, हा आहे.

स्वरलिपीचीही तीच गत. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि सामान्य घरातल्या मुलामुलींना गाणं शिकता यावं म्हणून स्वरलेखनाची स्वतःची पद्धत तयार केली. भातखंड्यांनी आपली वेगळी केली. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर बिंदू म्हणजे तार सप्तक. पलुस्कर पद्धतीत डोक्यावर बिंदू म्हणजे मंद्र सप्तक. भातखंडे पद्धतीत मध्यमावरची उभी रेघ तो तीव्र आहे असं सांगते. पलुस्कर पद्धतीत स्वरावरची उभी रेघ तो तार सप्तकातला आहे असं सांगते. समेला एकीकडे गुणिले चिन्ह आणि दुसरीकडे 1 हा आकडा. एका पद्धतीत वाढलेला विद्यार्थी दुसऱ्या पद्धतीचं पुस्तक उघडतो आणि चिन्हांवर विसंबून गातो तेव्हा मंद्रातला निषाद थेट तारसप्तकात जाऊन पडतो. ज्याला रागाची चाल कानात आहे तो मात्र पहिल्या ओळीतच थबकतो, कारण ते वाक्य त्या रागात असं उडी मारून जातच नाही हे त्याला ठाऊक असतं. चिन्ह त्याला फसवू शकत नाही. चिन्ह आणि शब्द ही आठवणीची साधनं आहेत. ज्याच्याजवळ आठवण आहे त्यालाच ती कामी येतात.

दुसरा आक्षेप उलट बाजूनं येतो आणि तो अधिक मानाचा आहे. मोठमोठ्या उस्तादांना आणि बुवांना ही पुस्तकी परिभाषा येत नव्हती, गुरूसमोर बसून तालमीत ते घडले. मग शब्दांची गरजच काय? यात एक घोटाळा आहे. त्यांच्याजवळ शब्द नव्हते असं नाही, ग्रंथातले शब्द नव्हते. तालमीची स्वतःची भाषा भरपूर होती आणि आहे: जागा, लगाव, बढत, उपज, मुखडा, आमद, पेच, पलटा, बोलबनाव, मींड, खटका, मुरकी. गुरू गाऊन दाखवतो, शिष्य म्हणतो, गुरू थांबवून सांगतो की जागा सुंदर आहे पण लगाव चुकला. या एका वाक्यात दोन पारिभाषिक शब्द आहेत आणि दोन्ही बरोबर त्या क्षणी आले आहेत, जेव्हा शिष्याच्या गळ्यात ती गोष्ट नुकतीच घडून गेली आहे. उस्तादांच्या तालमीत शब्द नव्हते हा समज खोटा. तिथे शब्द वेळेवर येत होते, एवढंच. म्हणून तालमीचा दाखला माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही. ग्रंथातला शब्दही तालमीतल्या शब्दासारखा यावा, असंच तो सांगतो.

आणि शब्द न दिल्यानं काय जातं तेही सांगायला हवं, नाहीतर आधी ऐका, आधी गा हा सल्ला आळसाची सबब होईल. आपल्याकडे अनेक मुलं भजनाच्या संस्कारातून येतात. टाळ हातात घेऊन तासभर न चुकता साथ करतात. ताल त्यांच्या अंगात असतो. पण अभंगाचा मुखडा समेच्या आधी कुठेतरी उचललेला असला आणि त्यांना सांगितलं की आता मधून सुरू कर, तर ती गोंधळतात, कारण उचल कुठे आहे आणि सम कुठे आहे हे वेगळं करणारा शब्द त्यांच्याजवळ नाही. सगळं एकसंध येतं किंवा सगळंच अडतं. सम, उचल, मात्रा हे तीन शब्द मिळाले की त्या एकसंध ओघाला सांधे दिसतात आणि कुठल्याही सांध्यापासून सुरू करता येतं. सुंदर मींड चुकून लागून जाते. तिला नाव नसेल तर गुरू ती पुन्हा मागणार कशी आणि शिष्य पुन्हा शोधणार कशी? कान पकडतो ती गोष्ट क्षणाची असते. नाव मिळालं की ती मागता येते, तपासता येते, सुधारता येते, दुसऱ्याला देता येते. अनुभवाच्या पाठोपाठ लगेच शब्द द्या असं मी म्हणतो ते याचसाठी.

तिसरा आक्षेप मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांचा. नोकरी सांभाळून किंवा निवृत्तीनंतर शिकायला येणाऱ्यांना आधी समजून घ्यायचं असतं. त्यांना नकाशा हवा असतो. नुसतं ऐका म्हटलं तर त्यांना अंधारात ठेवल्यासारखं वाटतं. ही गरज खरी आहे आणि ती झिडकारू नये. पण नकाशा देताना तो कुठपर्यंत द्यायचा हे ठरवावं लागतं. श्रुतींचंच पाहा. सप्तकात 22 श्रुती, त्यांची वाटणी सा-म-प यांना चार-चार, रे-ध यांना तीन-तीन, ग-नी यांना दोन-दोन. हे गणित मोठ्यांना फार आवडतं आणि पहिल्या महिन्यातच ते त्यावर बोलू लागतात. पण ज्या कानाला पेटीचा गंधार आणि तानपुऱ्याचा गंधार यांतला फरक अजून कळत नाही, त्याला 22 हा आकडा काहीच देत नाही. याउलट खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तो एकदा कानाला लागला आणि पेटीचा गंधार त्याहून किंचित चढा आहे हे जाणवलं, की श्रुती ही कल्पना दारात येऊन उभी राहते. पेटीचा गंधार षड्जापासून 400 सेंटवर असतो आणि तानपुऱ्यातला सुमारे 386 वर, हे गणित तेव्हा सांगावं. तेव्हा ते मोठ्या माणसाच्या बुद्धीलाही समाधान देतं. पुढे दरबारीतला आंदोलित कोमल गंधार आणि भीमपलासीतला कोमल गंधार एकच नाहीत हे ऐकू येऊ लागतं. नकाशा द्यावा, पण जिथे पाऊल पडलं आहे तेवढाच भाग रंगवून द्यावा.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. वर्गात वीस मुलं, तास एक, परीक्षा तोंडावर. प्रत्येकाला ऐकवून मग शब्द द्यायला वेळ कुठून आणायचा? मला वाटतं वेळ वाचतो, जात नाही. चुकीच्या अर्थानं भरलेला शब्द रिकामा करायला नवा शब्द शिकवण्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस लागतात. काळी पट्टी म्हणजे कोमल हा समज काढताना हे प्रत्येक शिक्षकानं पाहिलेलं आहे. आणि वीस मुलांना एकत्र ऐकवणं अवघड नाही. एका तासाला एकच शब्द. पहिली वीस मिनिटं ती गोष्ट नावाशिवाय ऐकायची, गायची, हातानं दाखवायची, मग नाव, मग ती गोष्ट दुसऱ्या ठिकाणी शोधायची, दुसऱ्या पट्टीत, दुसऱ्या तालात, दुसऱ्या रागात. व्याख्या लिहायचीच असेल तर विद्यार्थ्यानं आपल्या शब्दांत लिहावी आणि शिक्षकानं ती पुस्तकातल्या व्याख्येशी जुळवून दाखवावी. परीक्षेत प्रश्न तोच आला तरी उत्तर लिहिणाऱ्याच्या मनात आवाज असेल. परीक्षा घेणाऱ्यांनाही विनंती करावीशी वाटते: वादी म्हणजे काय हे विचारण्याआधी दोन राग गाऊन दाखवा आणि फरक विचारा. उत्तर चुकलं तरी ते उत्तर असेल, पाठांतर नसेल.

षड्ज हा शब्द सगळ्यांत पहिल्या दिवशी सांगितला जातो: सहा स्वरांना जन्म देणारा तो षड्ज. पहिल्या दिवशी ते एक सुभाषित असतं, कारण विद्यार्थ्याच्या दृष्टीनं सा म्हणजे पेटीवरची एक ठरलेली पांढरी पट्टी आणि बाकीचे सहा तिच्या शेजारी आधीपासूनच बसलेले. मग एक दिवस तो पांढरी एक सोडून काळी एकवर सा धरतो, आणि त्याच्या डोळ्यांदेखत उरलेले सहाही स्वर आपापल्या जागा सोडून नव्या सा भोवती येऊन बसतात. मघाचा तीव्र मध्यम आता शुद्ध होतो, मघाचा शुद्ध रिषभ आता कोमल. एकाही स्वराची जागा स्वतःची नव्हती, सगळ्यांची सा नं दिलेली होती, हे त्याला तेव्हा ऐकू येतं. षड्ज हा शब्द मी त्या दिवशी सांगेन. तोवर त्याला नुसतं सा म्हणू द्यावं, तानपुऱ्याबरोबर, रोज, भरपूर वेळ.